डंपिंगची माती वावरात टाकण्याआधी

मे लागला की आमच्या तालुक्याच्या रस्त्याने मातीच्या ट्रॉल्या सुरू होतात. त्यातल्या बहुतेक तलावाच्या गाळाच्या असतात, गाळमुक्त धरण गाळयुक्त शिवार योजना आल्यापासून ते काम जोरात आहे आणि चांगलंच आहे. पण त्याच रांगेत काही ट्रॉल्या गावाबाहेरच्या कचऱ्याच्या डंपिंगवरच्या असतात. दोन्हीचा रंग काळाच, लांबून फरक कळत नाही. मला आज या दुसऱ्या ट्रॉल्यांबद्दल लिहायचंय, आणि आत्ताच लिहायचंय कारण पेरणीच्या आधीचे हेच दिवस आहेत, एकदा ती माती वावरात पसरली आणि तिच्यावरून वखर फिरला की ती परत वेचून काढता येत नाही.

आमचं डंपिंग म्हणजे ई-क्लासच्या, म्हणजे सरकारी गायरानाच्या जागेवर, नाल्याला लागून पडलेला वर्षानुवर्षांचा ढीग. प्रत्येक तालुक्याच्या गावाला असा एक असतोच. नागपूरच्या भांडेवाडी डंपिंगबद्दल पेपरात तरी येतं, आमच्यासारख्या लहान गावांच्या ढिगाबद्दल कोणी काही लिहीत नाही, आणि शेत तर आमच्याच ढिगाला जास्त लागून आहे. ढिगाचा खालचा, जुना भाग सडून सडून काळाभोर, भुसभुशीत झालेला असतो. कास्तकार तो चाळणीवर चाळून नेतात, काही जण तर चाळतही नाहीत. फुकट मिळतो, फक्त ट्रॅक्टरचं भाडं आणि डिझेल. आणि हे लोक का नेतात ते मला पूर्ण समजतं. घरोघरी ढोरं कमी झाली, बैलजोडी जाऊन ट्रॅक्टर आला, शेणखत विकत घ्यायचं तर एका ट्रॉलीला किती पैसे पडतात ते ज्याने घेतलं त्याला विचारा. जमिनीचा कस जातोय हे कास्तकाराला दिसतंय आणि समोर काळ्या मातीचा डोंगर उभा आहे, तर माणूस नेणारच. यात कोणाला दोष द्यायचा नाहीये मला.

पण हा आजोबांच्या काळातला उकिरडा नाही. त्या उकिरड्यात शेण, राख, काडीकचरा, उष्टं-खरकटं पडायचं, सगळं मातीतून आलेलं आणि मातीत परत जाणारं. आजच्या ढिगात काय पडतं ते एकदा तिथे जाऊन बघा. रिमोटचे सेल, जुने चार्जर, टीव्हीचे आणि मोबाइलचे बोर्ड, फुटलेल्या ट्यूबलाइट आणि सीएफएल, पेंटचे डबे, चामड्याच्या चपला, गॅल्व्हनाइजचे पत्रे, वायरची साल, रंगीबेरंगी प्लास्टिक. बोर्डावरच्या जुन्या सोल्डरमध्ये कथिलाबरोबर शिसं असतं. सीएफएल आणि ट्यूबमध्ये पारा. जुन्या रिचार्ज होणाऱ्या सेलमध्ये निकेल आणि कॅडमियम, पिवळ्या-लाल रंगाच्या काही जुन्या प्लास्टिकमध्येही कॅडमियमचा रंग. चामडं कमावताना क्रोमियम वापरतात. पत्र्यावर जस्ताचा थर. जुन्या ऑइल पेंटमध्ये शिसं असायचं, घरच्या पेंटमध्ये ते ९० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ९० भाग) वर नको हा नियम २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाला, पण त्याआधी रंगवलेली दारं-खिडक्या आजही मोडून कचऱ्यात येतच आहेत.

गाडीची किंवा इन्व्हर्टरची बॅटरी अख्खी डंपिंगवर सहसा येत नाही, तिला भंगारात भाव आहे. तिच्या वजनातलं निम्म्याहून जास्त शिसंच असतं, म्हणून तर भाव आहे. पण ती जिथे फोडतात तिथे आतलं ॲसिड आणि काळा चिखल नाल्यात ओततात आणि रिकामा डबा ढिगावर येतो, ॲसिडमध्ये विरघळलेलं आणि चिखलातलं शिसं कुठे गेलं याचा विचार कोणी करत नाही. संध्याकाळी ढिगाच्या कडेला वायरी जाळतात, तांबं काढायला. त्या वायरीच्या पीव्हीसीत शिशाचे क्षार मिसळलेले असायचे, जळल्यावर काही धुरात जातात आणि बाकी राखेत राहतात, आणि ती राख तिथल्या मातीत मिसळते.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या कारण सगळं त्यावर आहे. कचऱ्यातलं जे सडतं ते कमी होत जातं, भाजीपाला, कागद, शेण यांचा कार्बन वायू होऊन उडून जातो, पाणी निघून जातं, ढीग बसतो. धातू मात्र सडत नाही, जळत नाही, उडून जात नाही, पारा थोडाफार सोडला तर. म्हणजे ढीग जितका जुना, जितका जास्त कुजलेला, तितका त्यातल्या एका किलो मातीत धातूचा वाटा जास्त. आपल्याला जी माती सगळ्यात चांगली कुजलेली, काळीभोर, भुसभुशीत म्हणून आवडते, नेमकं तिच्यातच ते गोळा झालेलं असतं.

माझे काकाजी दोन वर्षांपासून ती माती नेताहेत. त्यांना मी सांगायला गेले तर त्यांनी घरातून मृदा आरोग्य पत्रिका आणून माझ्यासमोर ठेवली. त्या वावराचं सॅम्पल दिलेलं होतं. सेंद्रिय कर्ब चांगला, स्फुरद भरपूर, जस्त भरपूर. "पाह्य नं," म्हणाले, "सगळं वाढून रायलं, अन् तू म्हणतं नेऊ नका. सरकारी कागद आहे, खोटा असन का?"

कागद खोटा नाही. पण त्यावर काय तपासलंय ते बघायला पाहिजे. २०१५ साली ही कार्ड योजना सुरू झाली, त्यात १२ गोष्टी तपासतात: नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबं, मँगनीज, बोरॉन, आणि सामू (पीएच), क्षारता, सेंद्रिय कर्ब. म्हणजे पिकाला काय पाहिजे ते. पिकाला आणि माणसाला काय नको त्यातलं काहीच नाही. शिसं नाही, कॅडमियम नाही, क्रोमियम, निकेल, पारा, आर्सेनिक काही नाही. आणि विदर्भात जिथे पुष्कळ कार्डांवर जस्त कमी म्हणून झिंक सल्फेट टाकायला सांगतात, तिथे शेजारच्या वावरात कमी आणि याच एका वावरात अचानक भरपूर, तर ते जस्त आलं कुठून हे विचारायला नको का. पत्रे, टायर, सेल यांच्यातूनच आलं असणार, आणि ज्या वाटेने जस्त आलं त्याच वाटेने बाकीचे आले असण्याची शक्यता आहे. काकाजींना हे पटायला वेळ लागला. मी ज्युनिअर कॉलेजात केमिस्ट्री शिकवते म्हणून त्यांनी ऐकून तरी घेतलं, नाहीतर "काहून वं बाई, खत नाही तर काय आहे मंग हे?" एवढ्यावरच विषय संपला असता.

मग आम्ही दोघांनी बसून एक हिशेब मांडला, तो इथे देते. शहराच्या कचऱ्याचं कंपोस्ट विकायचं असेल तर खत नियंत्रण आदेशात धातूंच्या मर्यादा ठरवून दिल्यात. एका किलोत शिसं १०० मिलिग्रॅम, कॅडमियम ५, क्रोमियम ५०, निकेल ५०, तांबं ३००, जस्त १०००, आर्सेनिक १०, पारा ०.१५. घनकचऱ्याच्या २०१६ च्या नियमांतही कंपोस्टसाठी या मर्यादा दिल्या होत्या. आता समजा आपली डंपिंगची माती या मर्यादेवर अगदी काठोकाठ बसते, त्याच्या वर एक कणही नाही. एक ट्रॉली ३ टन धरली आणि एकरी १० ट्रॉल्या टाकल्या तर ३० टन झाले. त्यात शिसं ३ किलो आणि कॅडमियम १५० ग्रॅम. एका एकराची वरची १५ सेंटिमीटर माती साधारण ८०० टन भरते. म्हणजे एका वर्षात मातीच्या दर किलोत शिसं पावणेचार मिलिग्रॅम वाढलं आणि कॅडमियम ०.१९ मिलिग्रॅमच्या आसपास. शिशाचा आकडा लहान वाटतो, साध्या मातीतही दर किलोला १०-३० मिलिग्रॅम शिसं असतंच. पण कॅडमियम साध्या मातीत बहुतेक वेळा एक मिलिग्रॅमच्या कितीतरी खाली असतं, तिथे दर वर्षी ०.१९ म्हणजे काही हंगामांतच दुप्पट. आणि हे सगळं माती मर्यादेत बसते असं धरून. आमच्या ढिगाची माती आजपर्यंत कोणी तपासलेली नाही, ती मर्यादेत बसते हे आपल्याला कोणीच सांगितलेलं नाही.

काही जण म्हणतात आपली काळी माती सगळं पचवते. यात थोडं तथ्य आहे. आपली कापसाची काळी माती बारीक चिकण कणांची, त्या कणांवर ऋण भार असतो, धातूचे आयन धन भाराचे, म्हणून ते धरून ठेवले जातात. त्यात चुनखडी आहे, सामू ७.५ ते ८.५ च्या मधला, आणि अशा मातीत शिसं-कॅडमियम सहज विरघळत नाही. कोकणातल्या लाल, आंबट मातीत हेच धातू पडले असते तर जास्त मोकळे राहिले असते. पण धरून ठेवणं म्हणजे पचवणं नाही. शिसं वरच्या वीतभर मातीत बसतं ते शेकडो वर्षं तिथेच राहतं. आपल्याकडे पेट्रोलमधलं शिसं २००० साली बंद झालं, पण त्याआधी गाड्यांच्या धुरातून रस्त्याकडेच्या मातीत जे बसलं ते पेट्रोल बदललं म्हणून निघून गेलं नाही.

शिवाय ढीग ताजा असताना आतमध्ये आंबट असतो. कचरा कुजायला लागला की सुरुवातीला ॲसिड तयार होतात, त्यात पावसाचं पाणी मुरलं की ते काळं-तपकिरी पाणी धातू विरघळवून घेऊन खाली येतं. आमच्याकडे हे पाणी पहिल्याच मोठ्या पावसात नाल्यात उतरताना दिसतं, वासावरून कळतं. आणि आपल्या काळ्या मातीला उन्हाळ्यात भेगा पडतात, हात कोपरापर्यंत आत जाईल एवढ्या. मृगाचा पाऊस येतो तेव्हा त्या भेगा उघड्या असतात. म्हणजे जे पाणी मातीच्या कणांमधून हळूहळू झिरपून स्वच्छ व्हायला पाहिजे ते भेगेतून थेट खाली जातं, चिकणमातीला धातू धरायला वेळच मिळत नाही. डंपिंगच्या खालच्या अंगाला ज्यांच्या विहिरी आहेत त्यांनी हे विशेष लक्षात घ्यायला पाहिजे.

खारपाणपट्ट्यातल्या लोकांना अजून एक सांगायचंय. दर्यापूर, मूर्तिजापूर, तेल्हारा, अकोट, पूर्णेच्या खोऱ्यातला हा सगळा भाग. पाण्यात-मातीत क्लोराइड जास्त असलं की कॅडमियम त्याच्याशी जोडी जमवून पाण्यात मोकळं फिरतं आणि मुळाला सहज मिळतं. चुनखडीने जे दाबून ठेवलं ते मीठ मोकळं करतं. म्हणून खारं पाणी देणाऱ्यांनी डंपिंगच्या मातीच्या वाटेलाच जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. लाल पोटॅशही क्लोराइडच आहे, म्युरेट ऑफ पोटॅश, त्यामुळे ज्यांच्या वावरात ही माती आधीच पडली आहे त्यांनी पालाश द्यायचाच असेल तर सल्फेटचा द्यावा, महाग पडतो तरी.

आता झाडात काय होतं ते. शिसं मुळापर्यंत येतं आणि बहुतेक मुळातच अडकतं, वर पानात-फळात फार कमी चढतं. पानांवर जे शिसं सापडतं त्यातलं पुष्कळसं धुळीचं असतं, बाहेरून बसलेलं. कॅडमियम वेगळं आहे. झाडाला जस्त आणि लोह लागतं, त्यासाठी मुळात जी दारं आहेत त्यांतून कॅडमियम आत शिरतं, कारण ते जस्तासारखंच दिसतं. आत शिरलं की पाण्याबरोबर पानापर्यंत जातं. आणि झाड पिवळं पडत नाही, वाळत नाही, आपल्याला अपाय होईल एवढं कॅडमियम पानात आलं तरी झाड हिरवंगार उभं असू शकतं. म्हणून पीक चांगलं आलं हा पुरावा नाही.

पालक, मेथी, सांबार (कोथिंबीर), माठ, चवळई अशा पालेभाज्यांमध्ये सगळ्यात जास्त येतं. मुळा, गाजर, बीट जमिनीतच वाढतात म्हणून तेही वाईट, शिवाय सालीला माती चिकटलेली. भेदरं (टोमॅटो), वांगी, भेंडी, शेंगा यांत त्या मानाने बरंच कमी पोचतं. कोडेक्स नावाचं जे आंतरराष्ट्रीय अन्न-मानक आहे त्यात पालेभाजीसाठी कॅडमियमची मर्यादा किलोला ०.२ मिलिग्रॅम आणि शिशाची ०.३ आहे, म्हणजे किती थोड्याने फरक पडतो ते बघा. भाजी दोन-तीन पाण्याने नीट धुतली तर धुळीतलं शिसं बरंच जातं, धुवाच. पण आत शिरलेलं कॅडमियम धुऊन निघत नाही, शिजवूनही जात नाही. आणि डंपिंगच्या नाल्याच्या पाण्यावर काठाकाठाने पालक-सांबाराचे वाफे घेतलेले मी आमच्याच गावात बघते, बाजाराच्या दिवशी तीच जुडी सगळ्यात टवटवीत आणि सगळ्यात स्वस्त असते.

पण मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती कोणी न पेरलेल्या भाज्यांची. उन्हाळ्यात चिवळ, पाऊस पडला की तरोटा (टाकळा), घोळ, काटेमाठ. विदर्भात या भाज्यांवर लोकांचा जीव आहे, माझाही आहे, तरोट्याची कोवळी पानं आणि चण्याची डाळ घालून केलेली भाजी पहिल्या पावसानंतर झाली नाही तर पावसाळा आल्यासारखा वाटत नाही. आणि या भाज्या नेमक्या पडीक जागेवर, ई-क्लासवर, नाल्याकाठी, धुऱ्यावर (बांधावर), उकिरड्याच्या कडेला येतात. डंपिंगच्या कडेला तर भरभरून येतात कारण तिथे नत्र-स्फुरद आहे. ज्या बायांकडे वावर नाही, मजुरीचा खाडा पडलेला आहे, त्याच तिथून ओटीभर खुडून आणतात, काही घरी करतात आणि काही बाजारात वाटे लावून विकतात. माठाच्या जातीची झाडं कॅडमियम ओढण्यात पुढे आहेत हे कितीतरी ठिकाणच्या अभ्यासात दिसलंय. रानभाज्या वाईट आहेत असं मुळीच म्हणत नाही, खाल्ल्याच पाहिजेत, पण जागा बघून. वावराच्या धुऱ्यावरचा तरोटा आणा, डंपिंगच्या उताराखालचा आणू नका, आणि वाटा विकत घेताना बाईला प्रेमाने विचारा की ही कुठून खुडली. तिला दटावू नका, तिला दुसरी जागा कुठली सुरक्षित आहे ते सांगा. आमच्या गावात मी हे आशाताईंना सांगितलंय आणि त्या बचत गटाच्या मीटिंगमध्ये बोलल्या, निदान चार-पाच जणी आता तिकडून खुडत नाहीत.

ढोरं आणि बकऱ्या याच ढिगावर चरतात. बकरी तर पेंट लागलेली लाकडं, जळलेल्या वायरीची राख लागलेलं गवत काहीही चघळते. ढोराच्या पोटात शिसं गेलं की हाडात, यकृतात, मूत्रपिंडात बसतं आणि दुधातही थोडं उतरतं. बॅटरी फोडतात त्या जागेजवळ तर ढोर बांधूच नये.

एक तरुण मुलगा मला म्हणाला, मॅडम झाडंच जर धातू ओढून घेतात तर डंपिंगवर तीच झाडं लावून माती साफ करता येईल ना. कल्पना खरी आहे, जगभर तिच्यावर काम चाललंय, मोहरी, सूर्यफूल, वाळा यांचे प्रयोग झालेत. आपल्या ढिगांवर आपोआप उगवणारी एरंडी, रुई हीसुद्धा धातू सहन करणारी झाडं आहेत. पण एका हंगामात झाड जेवढं ओढतं ते मातीत जेवढं आहे त्याच्या मानाने फार थोडं असतं, माती साफ व्हायला कित्येक वर्षं, कधी पिढ्या लागतील. आणि मग त्या झाडांचं करायचं काय? आपल्याकडे एरंडीच्या, पऱ्हाटीच्या (कापसाच्या) काड्या चुलीत जातात. धातू ओढलेली काडी चुलीत घातली तर तोच धातू धुरात आणि राखेत आला, राख परत परसबागेत. म्हणून असा प्रयोग करायचा तर ते झाड कोणी तोडून नेणार नाही आणि ढोर खाणार नाही याची पक्की सोय पाहिजे, नाहीतर न केलेला बरा. डंपिंगला कुंपण घालून वर चांगल्या मातीचा जाड थर द्यायचा आणि त्यावर न खायचं गवत-झाड लावायचं म्हणजे धूळ उडत नाही, एवढं जरी झालं तरी पुष्कळ आहे.

शरीराचं थोडक्यात सांगते. शिशाची सुरक्षित अशी कुठलीच पातळी नाही हे जागतिक आरोग्य संघटनेने स्पष्ट सांगितलंय, लहान मूल मोठ्या माणसाच्या चार-पाच पट शिसं शोषून घेतं, ते मेंदूवर परिणाम करतं आणि हाडात साठून राहतं, बाई गरोदर राहिली की तिच्या हाडातून बाळापर्यंत जातं. कॅडमियम मूत्रपिंडात साठतं आणि तिथून अर्धं निघून जायला १० ते ३० वर्षं लागतात. जपानमध्ये जिंझू नदीच्या काठी खाणीच्या पाण्यातलं कॅडमियम भातात आलं, लोकांची हाडं इतकी ठिसूळ झाली की त्या आजाराला इताई-इताई असं वेदनेने कण्हण्याचंच नाव पडलं, १९६८ साली तिथल्या सरकारने कारण मान्य केलं. आणि त्या भातखाचरांची माती बदलायचं काम १९७९ पासून २०१२ पर्यंत चाललं. जपानसारख्या देशाला तेहतीस वर्षं लागली. आपल्या डंपिंगची मात्रा तेवढी असेल असं मी म्हणत नाही, तिथे खाण होती. पण वावरात गेलेलं परत काढायला काय लागतं ते त्यावरून कळतं. हो आणि खर्रा खाणाऱ्यांनो, तंबाखूचं झाड कॅडमियम पानात ओढून ठेवण्यात फार पटाईत आहे, तुमच्या शरीरात एक वाटा आधीच जातोय.

२०१६ च्या नियमांत घरातच कचरा तीन ठिकाणी करायला सांगितलं होतं: ओला, सुका आणि घरगुती घातक. सेल, ट्यूब, पेंटचे डबे, जुनी औषधं हे तिसऱ्यात. आमच्या घंटागाडीला दोन कप्पे आहेत आणि ते दोन्ही डंपिंगवर जाऊन एकत्रच पालथे होतात. तिसरा कप्पा नाहीच. माझं म्हणणं एवढंच की ओला कचरा दारातूनच वेगळा गेला तर त्याचं खत नि:शंक वापरता येईल, कास्तकाराला खत पाहिजेच आहे, गावाला कचरा नकोच आहे, मध्ये अडलंय ते फक्त एक सेल आणि एक ट्यूब वेगळी ठेवण्यावर. आता ठिकठिकाणी जुने ढीग खणून, चाळून मोकळे करण्याचं काम निघालंय. त्यातून जी बारीक चाळलेली माती निघते ती कुठे जाते ते गावातल्या लोकांनी विचारायलाच पाहिजे, आणि धातूंचा रिपोर्ट मागायला पाहिजे. ग्रामसभेत किंवा नगरपंचायतीत लेखी अर्ज द्या. रिपोर्ट बघितल्याशिवाय एक ट्रॉली घेऊ नका.

ज्यांनी आधीच टाकली आहे त्यांनी घाबरून जाऊ नका, पण सॅम्पल द्या. वावरात आठ-दहा ठिकाणची वरची १५ सेंटिमीटर माती घ्या, लाकडी किंवा प्लास्टिकच्या वस्तूने, गॅल्व्हनाइजच्या घमेल्यात कालवू नका, जस्त तिथूनच येईल. सगळी मिसळून अर्धा किलो पिशवीत. आणि दुसरं सॅम्पल डंपिंगची माती कधीच न पडलेल्या, तशाच काळ्या मातीच्या लांबच्या वावरातलं घ्या, हे फार महत्त्वाचं आहे, कारण आपली माती बेसाल्ट खडकाची आहे आणि तिच्यात तांबं, निकेल, क्रोमियम मुळातच जास्त असतं. जोडीला दुसरं सॅम्पल नसेल तर निसर्गाचं कुठलं आणि कचऱ्याचं कुठलं ते कळणार नाही. लॅबमध्ये नेहमीची माती परीक्षा म्हणू नका, एकूण शिसं आणि एकूण कॅडमियम असं लिहून मागा, जमलं तर झाडाला उपलब्ध किती तेही. मान्यताप्राप्त खासगी लॅब हे करतात. आधी अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात मृद विज्ञान विभागात जाऊन विचारा, नागपूरला नीरी (पर्यावरण अभियांत्रिकीची राष्ट्रीय संस्था) आणि मृद सर्वेक्षणाची राष्ट्रीय संस्था आहे, तिथून निदान कुठे जायचं ते तरी कळेल. पैसे लागतात, एकट्याला परवडत नाही, म्हणून चार-पाच कास्तकारांनी मिळून एका ढिगाचं सॅम्पल द्यावं, माती एकाच ढिगाची आहे.

रिपोर्ट येईपर्यंत त्या वावरात पालेभाजी, मुळा-गाजर नको, पऱ्हाटी घ्या. शेणखत मिळेल तेवढं टाका, चांगला सेंद्रिय कर्ब धातूला धरून ठेवतो. कार्डवर जस्त कमी असेल तर झिंक सल्फेट टाळू नका, जस्त पुरेसं असलं की झाड कॅडमियम कमी घेतं.

काकाजींनी या वर्षीच्या ट्रॉल्या धुऱ्यावर उतरवून ठेवल्यात, पसरवल्या नाहीत. मी त्यांना दोनच गोष्टी सांगितल्या: ढीग विहिरीपासून लांब सरकवा आणि पावसाच्या आधी त्यावर ताडपत्री टाका. सॅम्पल आम्ही शेजारच्या तिघांबरोबर मिळून पाठवतोय, ढिगाचं एक, त्यांच्या जुन्या वावराचं एक आणि गावाच्या वरच्या अंगाच्या वावराचं एक. ज्यांच्या दारात अजून ट्रॉली आलेली नाही त्यांनी ट्रॅक्टरवाल्याला आजच फोन करून थांबवा.